पन्नासातले एकोणीस

नववीचं निकालपत्रक सापडत नव्हतं. २०२१ च्या जूनचा दुसरा आठवडा. शाळेत आम्ही पाच-सहा जण, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, आणि ऑफिसातल्या मधल्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते फक्त आमच्या जुन्या क्लार्कना ठाऊक. ते निवृत्त होऊन गावी गेलेले, फोन लागेना. शेवटी शिपाईमामांनी स्वारगेटवरून एक किल्लीवाला धरून आणला. तेव्हा दुकानं चारपर्यंतच उघडी असायची, त्यामुळे त्याचीही घाई. कपाट उघडलं, ओल्या कागदाचा भपकारा आला आणि तिसऱ्या कप्प्यात हजेरीपुस्तकांच्या खाली ते मिळालं. इयत्ता नववी, २०१९-२०. लाल कापडाची पाठ, वरती माझंच अक्षर.

एरवी या पुस्तकाला कोण विचारतं? नववीचा निकाल १ मेला, झेंडावंदन झालं की वाटायचा. पालक प्रगतिपुस्तकावर एक नजर टाकतात, "पुढच्या वर्षी जरा बघा हं बाई, दहावी आहे" म्हणतात आणि उन्हाचे घरी जातात. पुस्तक कपाटात जातं ते जातंच. या वेळी मात्र त्यातल्या आकड्यांवर दहावीचा निम्मा निकाल लागायचा होता.

मी पर्वतीच्या बाजूच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी दहावी 'ब' माझ्याकडे होती, एकेचाळीस मुलं. आदल्या वर्षी नववीलाही हीच मुलं माझ्याकडे होती.

वर्ष कसं गेलं ते सगळ्यांनी पाहिलंय, फार सांगत बसत नाही. पुण्यात ४ जानेवारी २०२१ ला नववी ते बारावीचे वर्ग उघडले आणि फेब्रुवारी संपायच्या आत परत बंद झाले. जेमतेम सात आठवडे, त्यातही निम्मी मुलं आज आणि निम्मी उद्या. तेवढ्या दिवसांत मी हावरटासारख्या चाचण्या घेऊन टाकल्या. मुलं वैतागली. पण गूगल फॉर्मवरची चाचणी मूल सोडवतंय की त्याची ताई, हे कळायला मार्ग नव्हता, आणि कागदावर पेनानं लिहिलेलं काहीतरी माझ्या हातात असावं असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

लेखी परीक्षा २९ एप्रिलपासून होती. १२ एप्रिलला ती जूनवर ढकलली. १४ ला सीबीएसईची दहावी रद्द झाली आणि २० ला आमचीही. ते दिवसच असे होते की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बाई पेपर होणार का?" याच्या लगेच खाली "कुठे ऑक्सिजनचा बेड मिळेल का" असा कुणाच्या तरी वडिलांचा मेसेज असायचा. परीक्षा रद्द झाली म्हणून कुणी नाचलं नाही. एका मुलीनं एवढंच विचारलं, "मग आता अभ्यास थांबवायचा का बाई?" मी म्हटलं, वाचत राहा. काय वाचत राहा, कशासाठी, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढचा महिना सगळ्यात वाईट. परीक्षा नाही हे कळलं होतं, पण मार्क कशावर देणार हे कुणालाच माहीत नव्हतं. परीक्षा रद्द करण्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली, मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास न्यायालयानं सरकारला झापल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या संध्याकाळी मला चौदा फोन. "कोर्ट काय म्हणतंय बाई? परत पेपर घेणार का?" मी गणिताची बाई, मला कोर्टाचं काय कळतं. एका पालकानं तर सोळा तारखेला मुलाची पुस्तकं रद्दीत घातली होती, तो विसाव्याला परत आणायला गेला. रद्दीवाल्यानं दुप्पट पैसे मागितले म्हणे.

२८ मेला सूत्र जाहीर झालं. दर विषयाला १०० पैकी ३० मार्क दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे, आणि ५० नववीच्या अंतिम निकालाचे.

मी ते दोनदा वाचलं. नववीच्या 'अंतिम' निकालाचे. आता आमच्या या मुलांची नववी म्हणजे २०१९-२०. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, एप्रिलमध्ये नववीची द्वितीय सत्राची परीक्षाच रद्द झाली आणि त्या मुलांचा निकाल आम्ही प्रथम सत्र, घटक चाचण्या आणि अंतर्गत गुण यांवर लावून मोकळे झालो होतो. सगळ्यांना वर घालायचंच होतं, कोण बारकाईनं बघतंय! म्हणजे करोना यायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर घेतलेली एक सत्र परीक्षा आता फिरून बोर्डाची परीक्षा झाली होती. परीक्षा देताना हे मुलांना माहीत नव्हतं. पेपर तपासताना मलाही नव्हतं.

तर त्या परीक्षेबद्दल.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, दांडेकर पूल. भिंत कोसळून माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी होती. आमची बरीच मुलं त्याच पट्ट्यातली. आठवडाभरात ती एकेक करून परत आली, आम्ही वह्या वाटल्या, जुने गणवेश गोळा केले आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे सत्र परीक्षा घेतली. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान, आम्हा सगळ्यांना इलेक्शन ड्युटी. मी नववीचे भूमितीचे पेपर ट्रेनिंगच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीत बसून तपासले, पुढे मतदान यंत्र जोडायचं प्रात्यक्षिक चालू असताना. अभिमानानं सांगत नाहीये.

शिवाय आमच्या स्टाफरूमचा एक जुना मंत्र आहे: नववीत आवळायचं, दहावीत सोडायचं. नववीत कमी मार्क दिसले की पोरं घाबरतात, दहावीला बसतात. मीही हेच करत आले. प्रमेयाच्या सिद्धतेत पायरीपुढे कंसात कारण लिहिलं नाही की माझा अर्धा मार्क गेलाच. बोर्डाचा पेपर तपासताना मी एवढी कडक कधीच नसते.

हजेरीत बावीस नंबरचा एक मुलगा होता. नाव नको, आम्ही बावीस नंबरच म्हणू या. वडील रिक्षा चालवतात, आई पोळ्या लाटून देते. डोकं चांगलं, पण थापाड्या एक नंबरचा. नववीच्या वर्षात त्याची आजी दोनदा वारली, आणि दोन्ही खेपेला तीच, आईची आई. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो म्हणाला, "बाई, भूमितीचं पुस्तक भिजलंय," तेव्हा मी म्हटलं, "अख्ख्या दांडेकर पुलाचं भिजलंय, तरी बाकीचे अभ्यास करतातच ना?" वर्ग हसला. तोही हसला.

आता लाल पुस्तकात त्याची ओळ माझ्यापुढे होती. गणित, प्रथम सत्र: भाग १ मध्ये ४० पैकी १४, भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, ४० पैकी ९, अंतर्गत २० पैकी १३. छत्तीस. चाचण्या धरून नववीचा अंतिम आकडा अडतीस. त्याचे निम्मे एकोणीस.

आणि हाच मुलगा दहावीत काय झाला होता! लॉकडाऊनमध्ये घरातला एकमेव मोबाइल वडिलांचा. रिक्षा बंद तेव्हा शाळा चालू आणि रिक्षा चालू तेव्हा शाळा बंद, असं त्याचं गणित. पण जानेवारीत वर्ग उघडल्यावर तो पहिल्या बाकावर येऊन बसायला लागला. त्या सात आठवड्यांतल्या चाचण्यांवर त्याचे ३० पैकी २१ होत होते. अंतर्गतचे २० पैकी मी सतरा लिहिले होते. ते खोडून अठरा केले. वरिष्ठांपुढे मी हे कबूल केलं नसतं, इथे करते. बेरीज: एकवीस, अठरा, एकोणीस. अठ्ठावन्न. नुसत्या दहावीवर मोजलं तर ५० पैकी एकोणचाळीस, म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर. वीस मार्क मी खाल्ले होते, दीड वर्षापूर्वी, एका हॉलच्या मागच्या खुर्चीत बसून.

मी हेडसरांकडे गेले. ते निकाल समितीचे अध्यक्ष. म्हटलं, नववीच्या आकड्यात काही करता येईल का? त्यांनी चष्मा काढला. "बाई, एकाचं कराल तर एकेचाळीस जणांचं करावं लागेल. आणि मग ते नववीचं निकालपत्रक राहणार नाही." खरं होतं. मी खाली आले आणि पुढची ओळ भरायला घेतली.

आकडे भरायचं काम आठ-दहा दिवस चाललं. विषयशिक्षकांचे कागद गोळा करायचे, एक्सेलमध्ये घालायचे, एक जण मोठ्यानं वाचणार आणि दुसरा टिचक्या मारणार, मग समितीच्या सह्या. ऑनलाइन भरताना दिवसा पान हलत नसे, म्हणून मी रात्री साडेअकराला बसायचे. नवरा कॉफी करून द्यायचा आणि विचारायचा, "किती पास झाले?" त्याला विनोद वाटायचा. पालकांचे फोन चालूच. एक आई म्हणाली, "नववीत ती आजारी होती, तेवढं लक्षात ठेवा." एका वडिलांनी पेढ्यांचा बॉक्स मामांकडे ठेवला होता, निकालाच्या महिनाभर आधी! तो परत पाठवला. एकानं सरळ विचारलं, "बाई, रेट काय?" त्याच्या मुलाला चांगलेच मार्क होते, त्याला कुणीतरी उगाच घाबरवलं होतं.

मग भरून झालं आणि थांबणं सुरू झालं. महिन्याच्या शेवटी निकाल, मग पुढच्या आठवड्यात, मग पंधरवड्यात, रोज एक नवीन तारीख फिरायची. मुलांना वाट बघण्याची शिक्षा. माझी शिक्षा वेगळी होती. मला निकाल माहीत होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बोर्डाचे पेपर तपासताना समोर बारकोड असतो, तो पेपर सोलापूरच्या मुलाचा की सासवडच्या, काही कळत नाही, आणि तेच बरं असतं. या वेळी प्रत्येक आकड्याला चेहरा होता. वर हेडसरांची तंबी: एक अक्षर बाहेर जाता कामा नये.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून निघाले, पाऊस होता, समोर आली ती रिक्षा थांबवली. बसल्यावर कळलं की बावीस नंबरच्या वडिलांची. ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा, कडेनं चिकटपट्टी लावलेली, त्यावर बाहेरच्या पावसाचे थेंब आलेले. त्यामुळे त्यांचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं.

"पोरगं रोज विचारतंय बाई. कधी लागंल?"

"लागेल आता लवकरच."

"बरं करंल ना?"

मी म्हटलं, "पास होईल."

ते मोठ्यानं हसले. "पास तर या वर्षी समदेच होणार की!" आणि थोड्या वेळानं, सिग्नलला, मागे न बघता: "त्याला कॉमर्सला घालायचंय. नाहीतर डिप्लोमाला. मॅथ महत्त्वाचं म्हणतात तिथं."

मी काहीतरी पुटपुटले. प्लॅस्टिकमुळे ते त्यांना ऐकू गेलं नसावं, त्यामुळे मी पुन्हा म्हटलं नाही. घर आलं. मीटरप्रमाणे पैसे घ्यायला तयार होईनात. मी नोट पडद्याच्या फटीतून आत सरकवली आणि उतरले.

निकाल १६ जुलैला, शुक्रवारी, दुपारी एक वाजता. यंदा परीक्षाच नाही म्हणून मुलांकडे हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही म्हणून बैठक क्रमांक माहीत नाही. तो आधी वेगळा शोधायचा, मग निकाल. एक वाजला आणि राज्यातली सगळी मुलं एकाच दारातून आत घुसली. साइट उघडेना. दोन वाजले, तीन वाजले. "बाई, तुम्हाला दिसतंय का?" मला दिसत नव्हतं. माहीत होतं, पण दिसत नव्हतं. संध्याकाळी उशिरा एकेकाचे स्क्रीनशॉट यायला लागले. तोवर टीव्हीवर राज्याचा निकाल सांगून झाला होता: ९९.९५ टक्के. आमच्या वर्गाचा शंभर. हेडसरांनी ग्रुपवर फुलांचं चित्र टाकलं, मग जरा वेळानं काढून टाकलं.

बावीस नंबरचा मेसेज रात्री नऊला आला. फोटो नाही, नुसतं: "मॅथ ५८." मी अंगठा टाकला. दुसरं काय टाकणार?

या वर्षी गुणपडताळणी नव्हती, कारण पडताळायला उत्तरपत्रिकाच नव्हत्या. पण सीईटी होती. अकरावीच्या प्रवेशासाठी ऐच्छिक परीक्षा, २१ ऑगस्टला, शंभर मार्कांची: इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येकी पंचवीस. जे ती देतील त्यांना प्रवेशात आधी जागा. वर्गातली अर्धी मुलं म्हणाली, नको बाबा. बावीस नंबरनं फॉर्म भरला. नोंदणीची साइटही सुरू होऊन बंद पडली आणि २६ जुलैला पुन्हा उघडली, त्यातही तो चिकटून राहिला. मग मला रोज रात्री दहानंतर, रिक्षा घरी आली की, गणितांचे फोटो यायला लागले. वहीचं पान, वर पोळीच्या पिठाचे ठसे. भूमितीच्या प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. बहुपर्यायी परीक्षेत कारण कुणी विचारत नाही रे, असं मी एकदा लिहिलं. त्याचं उत्तर: "सवय लागली बाई."

त्या दोन आठवड्यांत मला जरा बरं वाटायला लागलं होतं. माझे वीस मार्क तो स्वतःच वसूल करून आणेल, असं काहीतरी.

१० ऑगस्टला उच्च न्यायालयानं सीईटी रद्द केली. आयसीएसईच्या एका विद्यार्थिनीची याचिका होती. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, तर बाकी बोर्डांच्या मुलांनी तो का शिकावा? तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. प्रवेश दहावीच्या मार्कांवरच.

त्या दिवशी त्यानं मेसेज केला नाही, फोन केला. मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या.

"बाई, म्हणजे आता नववीच का?"

मी त्याला श्रेणीसुधार सांगितलं, पुढच्या परीक्षेला बसून मार्क वाढवता येतात म्हणून. तो "हां, हां" करत होता. मग म्हणाला, "वर्ष नाही घालवत बाई. पप्पा म्हणले, मिळेल तिथं घे." सहकारनगरच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉमर्सला मिळालं त्याला, तिसऱ्या पसंतीचं.

मूळ गुणपत्रिका आल्या तेव्हा मुलांना दहा-दहाच्या गटानं बोलावलं. दारात सॅनिटायझर, टेबलाच्या अलीकडे खडूनं आखलेला चौकोन, त्यात उभं राहून सही करायची. बावीस नंबर आला, उंच झालेला, मिसरूड फुटलेली. सही केली, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली, गणिताच्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. मग सॅकमधून पुस्तकं काढली. नववी-दहावीची पुस्तकं विकत घ्यावी लागतात, म्हणून जुनी पुस्तकं आमच्याकडे जमा करून खालच्या वर्गातल्या गरजू मुलांना देतात, त्यासाठी.

दहावीची सगळी होती, नीट कव्हर घातलेली. त्यांच्याखाली नववीचं गणित भाग २. फुगून दुप्पट जाड झालेलं, खालच्या बाजूला तपकिरी रेघ, पाणी जिथवर चढलं होतं तिथवर.

"हे चालेल का बाई? आईनं चुलीपाशी वाळवलं होतं, पण पूर्ण नाही उघडत."

"ठेव इथे," मी म्हटलं.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. "येतो बाई," म्हणून तो गेला. पुढचा मुलगा चौकोनात येऊन उभा राहिला, त्याला मी एक मिनिट थांब म्हटलं. पुस्तक हातात घेतलं. पहिली काही पानं सुटी होती. तिसरं प्रकरण, त्रिकोण, तिथून पुढे सगळा एक गठ्ठा झालेला. नखानं सोडवायला गेले तर कोपरा फाटून हातात आला.

"मामा," मी म्हटलं, "हे वाटपात टाकू नका. माझ्या कपाटात ठेवा."